लुसियनचं लाल कुलूप

सोमवारी सकाळी मी दफनभूमीच्या कचेरीतला कॉम्प्युटर चालू केला आणि बघते तर डी गायब.

सी जागेवर होती. डी म्हणजे आतली दुसरी हार्ड डिस्क, आणि त्या डीवर आमच्या गावची एकोणीसशे बारा माणसं होती. सगळी मेलेली. कोण कुठल्या रांगेत, कितव्या जागेवर, कोणाच्या उजव्या हाताला, सगळं एका नकाशात होतं. तो उघडायला गेले की पडद्यावर एकच वाक्य येत होतं: फाइल सापडत नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. परत बंद, परत चालू. अकरा वेळा. अकराव्या वेळी छातीवर क्रूससुद्धा काढला, पण त्याचाही उपयोग झाला नाही.

आणि शनिवारी वर्षातली पहिली दफनं होती. हिवाळ्यात आमच्याकडे कुणाला पुरता येत नाही. जमीन इतकी गोठते की कुदळ उलट अंगावर येते. नोव्हेंबरनंतर जो जाईल तो टेकडीतल्या दगडी कोठीत थांबतो आणि मे उजाडला की एकेकाची पाळी लागते. या वर्षी नऊ जण थांबले होते. आठ जणांची मला काळजी नव्हती, त्यांच्या घराण्यांचे दगड उभे आहेत. नववा लुसियन व्हॉइसीन. त्याला त्याच्या बाळाशेजारी जायचं होतं. बाळ १९६८ साली गेलं, त्यावर दगड कधी लागलाच नाही. ते नेमकं कुठे आहे हे लिहिलेलं फक्त डीवर होतं.

आणि डीला शेवटचा हात लावणारा माणूस होता खुद्द लुसियन.

लुसियन चाळीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. निवृत्त झाल्यावर गावातलं जे जे बंद पडेल ते त्याच्याकडे. फेब्रुवारीत माझा कॉम्प्युटर रांगायला लागला, तेव्हा शुक्रवारी तो दिवसभर माझ्या टेबलाशी बसला, जुनी सिस्टीम पुसून नवी घातली, तीन कप कॉफी प्यायला आणि जाताना टोपी घालत म्हणाला, "अजून झालेलं नाही हं, ग्लेंडा. सोमवारी येतो. तोवर खटपट करू नकोस." रविवारी छतावरचा बर्फ ढकलताना त्याचं हृदय थांबलं. सोमवारी मी त्याच्या घरी बीन्सचं भांडं घेऊन गेले. कॉम्प्युटर कुणाच्या लक्षात राहतोय! हिवाळाभर नकाशाची गरजही पडत नाही.

तुम्ही म्हणाल, कागदी वही असेलच की. होती. नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात पाणी शिरलं आणि वहीला बुरशी लागली. मग एक अख्खा हिवाळा लुसियन तोंडाला फडकं बांधून वही वाचायचा आणि मी टाइप करायचे. काम संपलं तशी ती घाण मी स्वतःच्या हातानं शेगडीत घातली. लुसियन तेव्हाच म्हणाला होता, "एक नक्कल दुसरीकडे ठेव." मी लगेच पेनड्राइव्ह आणला. तो अजून खणात आहे, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

मंगळवारी मी शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसानं मला मशीन सुरू होतानाच एक कळ दाबायला लावली. काळा पडदा आला. "किती डिस्क दिसतात?" मी म्हटलं, "एक." "मग बाई, दुसरी मेली असणार. मशीनलाच दिसत नाही म्हटल्यावर काय राहिलं? नाहीतर सिस्टीम घालणाऱ्यानं घोळ केला असेल." दुधाचा कॅन संपलाय हे सांगावं तितक्या थंडपणे त्यानं सांगितलं.

पण त्याचं शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. फादर पाच गावांचे मिळून एकच आहेत, त्यांना फोनवर मी म्हटलं, "लुसियननं फेब्रुवारीत काहीतरी घोळ केलेला दिसतोय." ते चर्चच्या बायकांनाही सांगून झालं. खोटं बोलत होते असं नाही. पण वही कुणी जाळली आणि पेनड्राइव्ह कुणाच्या खणात आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तो कधी उलट बोलत नाही.

बुधवारी मला एक शक्कल सुचली. डीला माहीत नसेल तर नसो, आईला तर माहीत असेल. मी ब्लांशला गाडीत घालून दफनभूमीत नेलं. ब्लांश म्हणजे लुसियनची बायको, त्र्याहत्तर वर्षांची, पाच फुटांच्या आत, आणि गावात तिच्या जिभेला सगळे टरकून. मी तिला मातांत म्हणते, म्हणजे मावशी. ती माझी कुणी लागत नाही, पण आमच्याकडे थोरल्या बाईला नुसत्या नावानं हाक मारली तर आपलीच आई थोबाडीत देते.

"मातांत, बाळाची जागा जरा दाखवतेस? खूण करून ठेवते."

"तुझ्याकडे नकाशा आहे ना?"

"आहे की. पण म्हटलं, आईनं दाखवलेलं बरं."

"बरं की वाईट ते मला नको सांगूस. चल."

ती काठी न घेता तरातरा चालत गेली आणि नळापलीकडच्या फरच्या झाडाखाली थांबली. "इथं. मी तेव्हा दवाखान्यात होते. बाळंतिणीला दहा दिवस उठू देत नसत. मार्चमध्ये गेलं, मेपर्यंत तेही कोठीतच होतं, आणि पुरलं तेव्हा मी आईकडे तापानं पडलेली. नंतर लुसियननं मला इथं आणून दाखवलं. दर वर्षी वाढदिवसाला येते. एक्कावन्न वर्षं झाली. एकही चुकवली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं मला उचलून आणलं."

मी तिथं पिवळी झेंडी रोवली. जागा मिळाली, म्हटलं. ती मात्र माझ्याकडे बघत होती. "तू रडवेली का दिसतेस गं? माणूस माझा गेलाय."

गुरुवारी सकाळी कर्टिस लिझोट आला. खड्डे तोच खणतो. आधी वीस वर्षं मिलमध्ये होता, मिल बंद पडल्यावर त्यानं खोदायचं मशीन घेतलं. शनिवारच्या आधी तो माझ्याकडून नंबर नेतो आणि जागा आखून ठेवतो. मी त्याला आठ नंबर दिले, ते दगडांवरून पाहून लिहिले होते.

"आणि लुसियन?"

"फरच्या झाडाखाली. झेंडी लावली आहे."

"झेंडी पाहिली मी. नंबर दे."

"झेंडी आहे ना, कर्टिस. नंबर कशाला हवा?"

"झेंडीवर नाव लिहिलेलं नसतं. दोन हजार नऊ साली तुझ्या आधीच्या बाईनं मला असंच बोटानं दाखवलं होतं, 'इथं रिकामं आहे' म्हणून. रिकामं नव्हतं ते. मी त्यानंतर आठवडाभर जेवलो नव्हतो, ग्लेंडा. नंबराशिवाय मी फावडं लावत नाही."

मग काय करणार! मी खुर्चीत बसले आणि त्याला सगळं सांगितलं. वही, शेगडी, पेनड्राइव्ह, सगळं. तो ऐकत राहिला, आणि मी थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे गावभर लुसियनचं नाव तू घेत फिरलीस, आणि हा डबा एकदाही उघडून बघितला नाहीस?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"स्क्रू तर कळतात?"

त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि बाजूचा पत्रा काढला. आत धूळ होती. पंखा होता. आणि वायरींच्या गुंत्यामध्ये एक बोटभर लाल कुलूप लोंबत होतं.

कर्टिस एकदम मागे सरकला, हात गरम तव्याला लागल्यासारखा.

डी जागेवरच होती, चांगली स्क्रूनं बसवलेली. फक्त तिची वायर काढून ठेवली होती. वायरीच्या टोकावर पिवळ्या प्लास्टिकची डबी, डबीला ते कुलूप आणि कुलपाला पत्त्याएवढी लाल चिठ्ठी. तिच्यावर लुसियनचा मिलमधला फोटो, मिशा काळ्या होत्या तेव्हाचा. छापलेलं: धोका, जोडू नका. खाली त्याच्या ठळक अक्षरात: 'सिस्टीम घालताना चुकून पुसली जाऊ नये म्हणून तोडली आहे. सोमवारी तपासून मीच जोडीन. ल. व्हॉइसीन.'

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. घोळ करायचं सोडाच, माझ्या नकाशाला ओरखडा उठू नये म्हणून या माणसानं कुलूप घातलं होतं. आणि मी त्याच्या नावानं गावात काय पेरून आले होते! तोंड कुठे लपवू असं झालं मला. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता.

"काढ ते, कर्टिस. जोडून टाक."

"मी नाही."

"म्हणजे?"

"कुलूप लुसियनचं आहे. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. मिलमध्ये यंत्राखाली शिरणारा प्रत्येक जण स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवतो. एक्याण्णव साली कुणीतरी शहाणपणा करून दुसऱ्याचं तोडलं. आत एडमंड होता. त्याचे दोन्ही हात रोलरनं घेतले. मी तिथं उभा होतो."

"अरे, इथं कसला रोलर? वहीएवढी डिस्क आहे ती!"

"असू दे."

"मग दुसरी वायर लाव."

"कुलुपाला वळसा घालणं म्हणजे तोडणंच."

"कर्टिस, तो कोठीत आहे!" मी ओरडलेच. "त्यालाच खड्ड्यात ठेवायचं आहे परवा! तो येऊन काढणार आहे का कुलूप?"

कर्टिसनं टोपी काढली. "माणूस हजर नसेल तर आधी त्याच्या घरी फोन करायचा असा मिलमध्ये नियम होता. घरचं माणूस येऊन म्हणालं काढा, तर काढायचं. फोन कर."

"तू कर."

"मी का? घोळ केला म्हणून तू सांगितलंस."

नंबर फिरवताना माझं बोट दोनदा चुकलं. मी एवढंच म्हटलं, "मातांत, लुसियनच्या किल्ल्या घेऊन कचेरीत येशील? सांगते सगळं." तिनं फोन ठेवला आणि वीस मिनिटांत लुसियनचा ट्रक दारात उभा राहिला. तो तिनं स्वतः चालवत आणला होता, पाय ब्रेकला पुरावेत म्हणून पाठीमागे दोन उशा.

ती आत आली, पण बसली नाही.

"माझ्या माणसानं तुझा नकाशा पुसला असं ऐकते."

"कुणी सांगितलं?"

"चर्चमध्ये तिघींनी. तिघींनीही कानात कुजबुजून सांगितलं, म्हणजे गावभर झालेलं असणार."

"मी बोलले ते, मातांत. खोटं होतं. त्यानं काही पुसलं नाही. चूक माझी आहे, मला माफ कर." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले.

"माफीचं नंतर बघू. काय दाखवायचंय?"

मी बाजूला झाले. ती वाकली आणि चिठ्ठीवरच्या फोटोवर अंगठा फिरवला. सगळं वाचलं. "मिशा किती वाईट दिसायच्या याला," म्हणाली. मग पर्समधून दवाखान्याचं पाकीट काढलं. त्यात त्याचं घड्याळ होतं, कवळी होती आणि किल्ल्यांचा जुडगा. "ही एवढीशी किल्ली कशाची म्हणून मी फेब्रुवारीपासून घरातलं एकेक कुलूप तपासलं. पेटी तपासली, गॅरेज तपासलं. मला वाटलं, काहीतरी लपवून ठेवलंय मेल्यानं."

कुलूप टक्कन उघडलं. चिठ्ठी आणि कुलूप तिनं पर्समध्ये टाकलं. मग कर्टिस पुढे झाला आणि त्यानं निमूटपणे वायर जोडली.

कॉम्प्युटर चालू केला. आत कुठेतरी दुसरी घरघर ऐकू आली. पडदा उजळला. मी फोल्डर उघडलं. सी होती. डीसुद्धा होती! मी त्यावर टिचकी मारली, तर सीडीचा कप्पा सुर्रकन बाहेर आला.

"हे काय?" ब्लांशनं विचारलं.

नव्या सिस्टीमनं डी हे नाव सीडीच्या कप्प्याला देऊन टाकलं होतं. आपली डिस्क कुठेच दिसेना. घरघर तर येत होती! मी दुकानातल्या माणसाला परत फोन लावला, त्यानं एक लांबलचक वाट सांगितली, हे दाबा, ते उघडा. शेवटी सगळ्या डिस्कांची यादी आली आणि तळाशी एक पट्टा दिसला: डिस्क एक, ठणठणीत, नाव नाही. मी त्यावर उजवी टिचकी दिली. यादी उघडली. नाव द्या. फॉरमॅट करा. काढून टाका. एकाखाली एक, मध्ये बोटभरसुद्धा अंतर नाही. माझा बाण थरथरत नेमका मधल्या ओळीवर जाऊन थांबला.

"ते नको," कर्टिस म्हणाला.

"मला दिसतंय ते!"

"मग हात का हलतोय?"

"तू बोलू नकोस, म्हणजे नाही हलणार!"

"दोघं गप्प बसा," ब्लांश म्हणाली आणि तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला. तिचा हात गार होता आणि अजिबात हलत नव्हता. आम्ही दोघींनी मिळून बाण वर नेला. सीडीला दुसरं अक्षर दिलं. डिस्कला डी दिलं. मग मी नकाशाच्या चित्रावर टिचकी मारली, आणि हिरवी जमीन, करड्या रांगा, नळ, फरचं झाड, सगळं गाव एकदम पडद्यावर आलं.

मी टेबलावर डोकं टेकलं. कर्टिस खो खो हसत सुटला. "काढ आता नंबर, म्हणजे मी जातो जेवायला."

मी शोधायच्या चौकटीत व्हॉइसीन लिहिलं. आमच्याकडे व्हॉइसीन म्हणजे दर तिसरं घर. सहाशे एकसष्ट आले. त्यात १९६८ चं एकच होतं. अर्भक व्हॉइसीन, मुलगी. जागा: मागची पट्टी, १७. मी टिचकी मारली. नकाशा सरकायला लागला. नळ गेला. फरचं झाड गेलं. शेवटची रांग गेली, कुंपण गेलं, आणि कुंपणाबाहेर, अवजारांच्या शेडमागे, एक निळा चौकोन लुकलुकायला लागला.

मी फरखालच्या जागेवर टिचकी मारली. एफ १२. नदीत ओंडक्यांबरोबर वाहत आलेला इसम. नाव अज्ञात. १९३१.

मागच्या पट्टीत कोण आहेत ते मला ठाऊक होतं. मीच टाइप केलं होतं. त्रेचाळीस ओळी, सगळीकडे अर्भक, आडनाव आणि साल. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडायच्या आधी गेलेली मुलं. जुने फादर त्यांना आत घेत नसत. आत आशीर्वाद दिलेली जमीन, बाहेर हे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि कर्टिस बारा वर्षं त्याचं मशीन त्या पट्टीतच उभं करतो. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचं हसू केव्हाच थांबलं होतं.

खरं सांगते, खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. पडदा माझ्याकडे होता. एफ १२ वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, हो मातांत, फरखालीच. पण मग कर्टिसला तिथं खणायला लागलं असतं, आणि खाली तो नदीतला माणूस. शिवाय त्या आठवड्यात माझं पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"काय झालं?" ब्लांश म्हणाली. "पुसलं गेलंय का?"

"नाही. सगळं आहे."

"मग?"

मी पडदा तिच्याकडे वळवला आणि दोन्ही नोंदी उघडल्या. तिनं चष्मा लावला. वाचायला फार वेळ लागला नाही.

"कुंपणाबाहेर," ती म्हणाली.

तिनं चष्मा काढून पुसला.

"मी त्याला विचारलं होतं. तापातसुद्धा पहिलं तेच विचारलं होतं. आत ना? आत घेतलं ना तिला? म्हणाला, आत. फरखाली. फादर चांगले आहेत, ऐकलं त्यांनी, असंही म्हणाला." मग माझ्याकडे वळली. "ही वही तुला कुणी वाचून दाखवली?"

"लुसियननं."

"ही ओळसुद्धा?"

"सगळ्याच."

"ही वाचताना थांबला होता का?"

मी खूप आठवून पाहिलं. थांबला होता म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "आठवत नाही, मातांत. मी टाइप करत होते."

तिनं पर्स उचलली आणि ती निघून गेली. ट्रक किती तरी वेळ अंगणात नुसताच चालू होता.

शुक्रवारी ब्लांशनं फोन उचलला नाही. मी सहा वेळा केला. खड्डा कुठे खणायचा हे तिच्याशिवाय कोण सांगणार? फादर म्हणाले, आता तसला भेद कुणी मानत नाही, त्या पट्टीला मी स्वतः आशीर्वाद देईन, तिला हवं तिथं होऊ दे. पण तिला कुठे हवं? की कुठेच नको? रागाच्या भरात ती त्याला कोठीतच ठेवायला सांगेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी नकाशाच्या तीन नकला काढल्या, एक घरी नेली, एक फादरना दिली. काहीतरी करत राहायचं म्हणून कचेरीची खिडकी पुसली. खिडकीतून पाहिलं तर कर्टिसनं त्याचं मशीन पट्टीतून काढून रस्त्यावर लावलं होतं आणि तो चाकांचे चर हातानं माती टाकून बुजवत होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला ब्लांश आली. काळा कोट, पायात बर्फाचे बूट, एका हातात डेझीच्या फुलांचा गुच्छ आणि दुसऱ्या हातात लुसियनची लोखंडी मोजपट्टी.

"कुंपणाच्या कुठल्या खांबापासून?" एवढंच विचारलं.

"ईशान्येच्या. सत्तावीस फूट."

जाताना ती फरपाशी थांबली. गुच्छातली अर्धी फुलं तिथं ठेवली. "सवय लागली असेल त्या नदीतल्याला," म्हणाली. मग कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली, मोजपट्टीचं टोक मला धरायला लावलं आणि स्वतः सत्तावीस फूट मोजले. तिथं गेल्या वर्षीचं वाळकं गवत होतं आणि एक तुटका प्लास्टिकचा डबा. डबा तिनं उचलून मला दिला.

"ही इथं. तो तिच्या डावीकडे. मधे माझ्यापुरती जागा ठेवायची नाही, मी पायाशी येईन. खण."

कर्टिसनं मशीन लावलं नाही. मुलांच्या पेट्या बुटांच्या खोक्याएवढ्या असतात, आणि त्रेचाळीस आहेत. तो हातानं खणत राहिला. चार तास लागले. आठ घरची माणसं आपापल्या गाड्यांत थांबून राहिली, कुणी हॉर्न वाजवला नाही. ब्लांश घडीच्या खुर्चीवर बसून होती. मी थर्मासमधली कॉफी पुढे केली तर म्हणाली, "तूच पी. तुझं तोंड बघ काय झालंय."

अकरा वाजता लुसियनला आणलं. फादरनी आधी सगळ्या पट्टीवर पाणी शिंपडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन, मग प्रार्थना म्हटली. पेटी खाली गेली. दोर वर आले. आमच्याकडे घरच्या माणसानं मूठभर माती टाकायची असते. फादरनी ब्लांशला खूण केली.

ती खुर्चीवरून उठली आणि काठावर जाऊन उभी राहिली. माती घेतली नाही. कितीतरी वेळ खाली बघत राहिली. रागावलेली होती, ते मानेवरूनच कळत होतं. मला वाटलं, ही आता तशीच वळून निघून जाणार.

"एक्कावन्न वर्षं ती वाट बघत असेल," ती खाली बघून म्हणाली. रोज स्वयंपाकघरातून त्याला हाक मारायची त्याच आवाजात. "मी का आले नाही, ते आता तूच सांग तिला."

मग ती वाकली, दोन्ही हातांनी माती घेतली आणि हळूच सोडली.